समुपदेशन कक्षात काय बोलले जाते? सार्वजनिक आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य



राज्यातल्या जिल्हा रुग्णालयांत ओपीडीच्या एखाद्या कोपऱ्यात 'समुपदेशन कक्ष' अशी पाटी लावलेली खोली असते. आत एक टेबल, दोन खुर्च्या, एक रजिस्टर आणि भिंतीवर तोंडाच्या कर्करोगाचा रंगीत तक्ता. डॉक्टरांनी केसपेपरवर एक ओळ लिहून पाठवलेला माणूस तिथे येतो. नाव, वय, गाव, व्यसन कोणते, किती वर्षांपासूनचे, दिवसाला किती, हे सगळे लिहून घेतले जाते. मग त्याला सांगितले जाते की तंबाखूने कॅन्सर होतो, दारूने लिव्हर खराब होते, बायकापोरांचा विचार करा, आजपासून बंद करा. तो मान डोलावतो, 'हो साहेब, सोडतो' म्हणतो, सही करतो किंवा अंगठा देतो आणि निघून जातो. रजिस्टरात आणखी एकाचे समुपदेशन पूर्ण झालेले असते. सगळीकडे असेच घडते असे माझे म्हणणे नाही. मन लावून काम करणारे समुपदेशक राज्यात पुष्कळ आहेत. पण आपण त्यांच्या हाती कोणते कौशल्य दिले आहे आणि त्यांच्या कामातले काय मोजतो, हा प्रश्न शासनाचा आहे, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

माझी मागणी सुरुवातीलाच सांगतो. माणसाला सवय बदलायला मदत करणारी, गेल्या 40 वर्षांत जगभर तपासली गेलेली संवादाची एक पद्धत आहे. तिला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. या पत्रात मी तिला 'प्रेरक संवाद' म्हणेन. ती राज्यातल्या समुपदेशकांना शिकवावी. मात्र ती कार्यशाळा घेऊन शिकवता येते असे समजू नये. जो काही पैसा आणि वेळ आपण यासाठी देणार असाल, त्याचा मोठा भाग प्रशिक्षणानंतर महिनोन् महिने चालणाऱ्या देखरेखीवर, म्हणजे समुपदेशकांचे प्रत्यक्ष संवाद ऐकून त्यांना दुरुस्ती सुचवण्यावर खर्च व्हावा. हा दुसरा भाग होणार नसेल, तर पहिला केला नाही तरी चालेल, इतक्या स्पष्टपणे मला हे सांगायचे आहे.

या पद्धतीचा उगम मोठा बोलका आहे. विल्यम मिलर हे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ. दारूचा त्रास असलेल्यांवर उपचार हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. 1980 साली त्यांच्या एका अभ्यासात असे दिसले की उपचाराचे तंत्र एकच असूनही वेगवेगळ्या समुपदेशकांच्या रुग्णांमध्ये मोठा फरक पडतो आणि हा फरक समुपदेशक किती समजून घेऊन ऐकतो याच्याशी जोडलेला आहे. 1982 मध्ये ते नॉर्वेतल्या बर्गन शहराजवळच्या एका उपचार केंद्रात काही काळ गेले. तिथले तरुण मानसशास्त्रज्ञ रुग्णाची भूमिका करून त्यांच्यासमोर बसत आणि मध्येच थांबवून विचारत: तुम्ही आत्ता हेच का विचारलेत? या वाक्याऐवजी ते वाक्य का घेतलेत? त्या प्रश्नांची उत्तरे देताना, स्वतः नकळत करत असलेल्या गोष्टींमागचे सूत्र मिलर यांना शब्दांत मांडावे लागले. 1983 मध्ये त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. पुढे वेल्समधल्या कार्डिफ इथे काम करणारे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले आणि 1991 मध्ये दोघांचे पुस्तक आले. म्हणजे ही पद्धत आधी सिद्धांत आणि मग प्रयोग अशी जन्मली नाही. एका माणसाचे बोलणे दुसऱ्यांनी बारकाईने ऐकले, त्याला थांबवून प्रश्न विचारले, त्यातून ती घडली. ती शिकायचा मार्गही तोच आहे, हे पुढे सांगायचे आहे.

पद्धतीच्या मुळाशी एक साधे निरीक्षण आहे. व्यसन असलेला बहुतेक माणूस अडाणीही नसतो आणि बेफिकीरही नसतो. त्याला दोन्ही हवे असते: पिणे हवे असते आणि सुटकाही हवी असते. सोडण्याची कारणे त्याच्या मनात आधीपासून असतात आणि न सोडण्याचीही असतात. अशा माणसासमोर आपण सोडण्याची बाजू जोरात मांडली, की उरलेली बाजू मांडायचे काम त्याच्याकडे येते. वाद घालणारा माणूस दुसऱ्याला पटवण्याआधी स्वतःलाच पटवत असतो. म्हणून आपल्या चांगल्या हेतूच्या उपदेशातून अनेकदा तो 'मला सोडता येणार नाही' हे आणखी पक्के करून उठतो. मिलर आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये दारूचा त्रास असलेल्या 42 जणांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक जितका सामोरा जाऊन भिडला, चूक दाखवत राहिला, तितके त्या माणसाचे वर्षभरानंतरचे पिणे अधिक असल्याचे त्यात आढळले. आपल्या आरोग्यव्यवस्थेत 'कडक शब्दांत समज देणे' याला कर्तव्यदक्षता मानतात, म्हणून हा निष्कर्ष मला फार गंभीर वाटतो.

फरक नेमका कुठे पडतो ते एका कल्पित संवादातून जवळून पाहू. पन्नाशीची एक शेतमजूर बाई आहे. लहान वयापासून मिशेरी लावते. दात दुखतो म्हणून दवाखान्यात आली आणि हिरडीवर पांढरा चट्टा दिसला म्हणून समुपदेशकाकडे पाठवली गेली. नेहमीच्या वळणाने बोलणे असे होते. 'मावशी, मिशेरी सोडायला पाहिजे.' 'खरंय, पण सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही.' 'त्यासाठी गरम पाणी प्या.' 'पिऊन बघितलं, काय फरक पडत नाही.' 'मग थोडी थोडी कमी करा.' 'कमी केली की डोकं ठणकतं.' इथे प्रत्येक वाक्याला समुपदेशक सोडण्याच्या बाजूने आणि बाई न सोडण्याच्या बाजूने बोलते आहे. पाच मिनिटांत तिने न सोडण्याची तीन कारणे स्वतःच्या तोंडाने, स्वतःच्या कानांना ऐकवली. शेवटी 'बरं, बघते' म्हणून ती उठते.

आता दुसरे वळण. 'मावशी, मिशेरीचं कसं असतं तुमचं? सकाळपासून सांगा की.' 'उठल्या उठल्या लागतीच. त्याबिगर पोट साफ होत नाही. रानातनं आल्यावर परत एकदा. नात हाय सहा वर्षांची, ती बघती अन् माझा हात ओढती.' यातले पोटाचे वाक्य पकडून उपाय सांगायचा मोह कोणालाही होईल. प्रशिक्षित समुपदेशक म्हणतो, 'सकाळी ती लागतेच. आणि नात हात ओढते तेव्हा मनाला कुठंतरी बोचतं.' 'बोचणारच की. परवा तिनं डबी उघडली हुती. म्या हिसकून घेतली.' 'तिच्या बोटाला ती लागू नये असं वाटतं तुम्हाला.' 'माझं झालं ते झालं. तिला नको.' समुपदेशकाने अजून कर्करोगाचा शब्दही काढलेला नाही. त्याने केलेले काम दोनच वाक्यांचे आहे: तिच्या बोलण्यातल्या दोन्ही बाजू न खोडता परत तिच्यासमोर ठेवल्या आणि पुढच्या वेळी त्यातली बदलाकडे झुकणारी बाजू उचलली. मग तो विचारतो, 'हिरडीवरच्या चट्ट्याबद्दल डॉक्टरांचं म्हणणं सांगू का थोडं?' ती हो म्हणाल्यावर सांगतो आणि थांबून विचारतो, 'ऐकून काय वाटलं?' इथे माहिती दिली गेलीच, पण परवानगीने आणि तिच्या प्रश्नाला जोडून. शेवटी तो विचारतो, 'रुपयात किती आणे वाटतं, की आता सोडावी?' ती म्हणते, 'सहा आणे.' यावर 'सोळा का नाही?' असे विचारले, तर ती पुन्हा अडचणींची यादी देईल. 'सहा तरी का? दोन का नाहीत?' असे विचारले, तर उत्तरात तिची स्वतःची कारणे येतील. इतक्या बारीक जागी ही पद्धत काम करते. प्रश्नातला एक शब्द बदलला की समोरच्याच्या तोंडून येणारी बाजू बदलते. माणूस स्वतः बदलाची भाषा किती ठामपणे बोलतो यावरून त्याच्या पुढच्या वागण्याचा अंदाज बांधता येतो, असे अमली पदार्थांच्या उपचारांतल्या ध्वनिफितींच्या 2003 मधल्या एका अभ्यासात दिसले आहे.

पुराव्याकडे वळतो. अमेरिकेत 1997 मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या 'प्रोजेक्ट मॅच' या मोठ्या चाचणीत दारूचा त्रास असलेले 1,726 जण होते. प्रेरक संवादावर बेतलेल्या 4 बैठका आणि इतर दोन पद्धतींच्या 12 आठवड्यांच्या बैठका यांचे परिणाम जवळपास सारखे आले. पण आपल्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा पुरावा दूरचा नाही, तो राज्याच्या सीमेवरच्या दोडामार्गाच्या पलीकडचा आहे. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने अभिजित नाडकर्णी आणि विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने तिथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक चाचणी केली. दारूचे प्रमाण घातक पातळीला पोचलेले 377 पुरुष त्यात होते. अर्ध्यांना प्रेरक संवादावर आधारलेल्या जास्तीत जास्त 4 बैठका मिळाल्या, प्रत्येकी सुमारे 30 ते 45 मिनिटांच्या, केंद्रात किंवा घरी. उरलेल्या अर्ध्यांना केंद्रातल्या डॉक्टरांचे नेहमीचे उपचार मिळाले. त्या डॉक्टरांना तपासणीचा निष्कर्ष कळवला होता आणि मार्गदर्शक सूचनाही दिल्या होत्या. म्हणजे एका बाजूला नेहमीचा वैद्यकीय सल्ला आणि दुसऱ्या बाजूला हा संवाद, अशी ती तुलना होती. 3 महिन्यांनी धोक्याच्या पातळीखाली आलेल्यांचे प्रमाण संवादाच्या गटात 36 टक्के तर दुसऱ्या गटात 26 टक्के होते. आधीच्या 14 दिवसांत अजिबात न प्यायलेले अनुक्रमे 42 आणि 18 टक्के होते. हे निष्कर्ष 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. 12 महिन्यांनी फरक टिकला होता: धोक्याच्या पातळीखाली आलेले 54 टक्के विरुद्ध 32 टक्के. हे काम करणारे समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते. ते त्याच भागातले, मानसिक आरोग्याचे कोणतेही व्यावसायिक शिक्षण नसलेले साधे लोक होते.

हे वाचून आपल्या विभागातल्या कोणाच्याही मनात पहिला विचार येईल तो असा: मग परिपत्रक काढू, प्रत्येक जिल्ह्यात दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊ, आशाताई आणि समुदाय आरोग्य अधिकारीही बोलावू. इथेच मला आपल्याला थांबवायचे आहे. मिलर यांनी स्वतःच्याच कार्यशाळेचा परिणाम तपासला आणि 2001 मध्ये प्रसिद्ध केला. कार्यशाळेनंतर सहभागी सांगत होते की आम्हाला पद्धत आली. त्यांच्या कामाच्या ध्वनिफिती ऐकल्या तेव्हा बदल किरकोळ निघाला आणि समोर बसलेल्या माणसांच्या बोलण्यात तर फरकच नव्हता. आपल्याच नावाशी जोडलेल्या पद्धतीबद्दल इतका परखड निष्कर्ष छापणारा शास्त्रज्ञ विश्वास ठेवण्याजोगा वाटतो. 2004 मध्ये त्यांनी 140 व्यावसायिकांना वेगवेगळ्या प्रकारे शिकवून पाहिले. कार्यशाळेनंतर ज्यांच्या ध्वनिफिती ऐकून अभिप्राय दिला गेला किंवा ज्यांना फोनवरून मार्गदर्शन मिळत राहिले, त्यांच्यात कौशल्य अधिक उतरले. गोव्यातही समुपदेशक आपल्या बैठका, अर्थातच समोरच्याच्या संमतीने, ध्वनिमुद्रित करत, गटात बसून त्या ऐकत आणि एका गुणपट्टीनुसार एकमेकांच्या कामाला गुण देत. त्या चाचणीच्या यशातला हा भाग वगळून उरलेलाच उचलला, तर आपण गोव्याचे यश उचलले असे होणार नाही. गुरूने शेजारी बसून लय चुकली तिथे हात धरल्याशिवाय तबला येत नाही. या कौशल्याचेही तसेच आहे. 'मी ऐकून घेतो' असे प्रत्येकालाच वाटते. ध्वनिफीत लावली की कळते, दहा मिनिटांत आठ मिनिटे आपणच बोलत होतो.

यावरचे आक्षेप मला माहीत आहेत आणि त्यातले काही वजनदार आहेत. पहिला वेळेचा. ओपीडीत डॉक्टरांपुढे रांग असते, त्यांना एका रुग्णामागे मोजकी मिनिटे मिळतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच माझी मागणी डॉक्टरांसाठी नाही. ज्यांची नेमणूकच समुपदेशनासाठी झाली आहे त्यांच्यासाठी ती आहे. त्यांना दिलेला वेळ आजही खर्च होतोच. तो कशावर होतो एवढाच प्रश्न आहे. शिवाय 2005 मध्ये या पद्धतीच्या 72 चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा 15 मिनिटांच्या भेटी असलेल्या अभ्यासांपैकीही बहुसंख्य, 64 टक्के, अभ्यासांत परिणाम दिसला होता. बैठका वाढल्या की शक्यता वाढते हेही त्यात आहे, पण पंधरा मिनिटे अगदीच वाया जात नाहीत.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा. आपली माणसे म्हणतात, 'डॉक्टर, तुम्हीच सांगा काय करू.' त्यांना प्रश्न विचारत बसले तर यांनाच काही येत नाही असे त्यांना वाटेल. मी हा आक्षेप हलक्याने घेत नाही. मोठ्या माणसाने अधिकाराने सांगावे ही अपेक्षा आपल्याकडे खरोखर आहे. पण साहेबांपुढे 'हो' म्हणायचे आणि घरी जाऊन आपल्याला वाटेल ते करायचे, हेही आपल्याच समाजाने उत्तम आत्मसात केले आहे. आदराने डोलावलेली मान म्हणजे संमती नव्हे. सल्ला मागितला तर प्रेरक संवादात तो दिलाच जातो. फक्त आधी माणसाचे स्वतःचे म्हणणे बाहेर आलेले असते. आणि स्वतः निर्णय घेऊन सवय सोडण्याची परंपरा आपल्याकडे परकी थोडीच आहे? श्रावणात महिनाभर दारूला न शिवणारे लोक गावोगाव आहेत. वारीला निघताना गळ्यात तुळशीची माळ घालणारा माणूस मांसमच्छी आणि मद्य सोडतो, तेव्हा त्याला कोणी समज दिलेली नसते. त्याने स्वतः शब्द दिलेला असतो. समुपदेशकाला असा माणूस भेटला, तर 'वर्षभर का नाही सोडत?' असे टोचून विचारण्यापेक्षा 'महिनाभर कसं जमवलंत? घरात काय बदललं? पहिले चार दिवस कसे काढलेत?' असे विचारण्यात किती मोठी शक्यता आहे! त्या उत्तरांत त्या माणसाची ताकद त्याच्याच शब्दांत असते. समुपदेशकाने ती ओळखून बोलून दाखवायची असते, आणि उगाच शाबासकीची फुले उधळण्यापेक्षा हे बरेच कठीण काम आहे.

तिसरा आक्षेप पुराव्याचा आहे आणि तो तंबाखूबाबत बरोबर आहे. 2016-17 च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या 26.6 टक्के प्रौढांकडून तंबाखूचा वापर होतो. त्यात धूम्रपान अवघे 3.8 टक्के आणि बिनधुराची तंबाखू 24.4 टक्के. म्हणजे आपला प्रश्न सिगारेटचा कमी आणि मिशेरी, खर्रा, मावा, चुना-तंबाखूचा जास्त आहे. धूम्रपान सोडवण्यासाठी प्रेरक संवाद किती उपयोगी पडतो, याचा 'कॉक्रेन' या वैद्यकीय पुरावे एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा 2019 मधला आढावा 37 अभ्यासांवर आणि 15,000 हून अधिक लोकांवर आधारलेला आहे. इतर समुपदेशनाच्या तुलनेत ही पद्धत सरस आहे असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे तो सांगतो. हे झाकून ठेवून आपल्यासमोर मागणी करणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते. म्हणून माझे म्हणणे असे, की जिथे पुरावा भक्कम आहे आणि आपल्या मातीतला आहे, तिथून म्हणजे दारूपासून सुरुवात करा. तंबाखूसाठी ही पद्धत वापरायची तर निकोटिनची गोळी-च्युइंगगम आणि 1800-11-2356 ही राष्ट्रीय क्विटलाइन यांच्या जोडीने वापरा आणि परिणाम तपासत राहा. वर मी उदाहरण मिशेरीचे घेतले, कारण संवादातला फरक त्यात स्वच्छ दिसतो. पण ते उदाहरण म्हणजे पुरावा नव्हे.

काही जण म्हणतील, गोड बोलण्यापेक्षा कायदा आणि कर जास्त प्रभावी असतात. लोकसंख्येच्या पातळीवर ते खरेच आहे. राज्याने 2012 मध्ये गुटख्यावर बंदी घातली, आणि 2009-10 मध्ये 31.4 टक्के असलेला तंबाखूचा वापर पुढच्या सर्वेक्षणापर्यंत 26.6 वर आला. घट झाली, तिचे श्रेय अनेक उपायांना आहे, ते काढून घेण्याचा माझा हेतू नाही. पण कायदा कितीही चांगला असला तरी दवाखान्याच्या खुर्चीत येऊन बसलेल्या एका माणसाशी काय बोलायचे, हे तो सांगू शकत नाही.

याहून अस्वस्थ करणारा प्रश्न दारुड्या नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचा आहे. तिच्या घरात जो रोज तांडव करतो, त्याच्याशी इतक्या समजुतीने का बोलायचे? मला वाटते, या प्रश्नाला टाळाटाळ न करता उत्तर दिले पाहिजे. त्याच्याशी तसे बोलायचे कारण त्याने पिणे थांबण्याची शक्यता वाढते. त्याचे वागणे क्षम्य आहे म्हणून नव्हे. आणि पिणे थांबण्याने तिचा प्रश्न आपोआप सुटेल असेही समजू नये. गोव्याच्या चाचणीत 3 महिन्यांनी पिणे कमी झालेले दिसले, पण जोडीदारावरच्या हिंसेत फरक दिसला नाही. म्हणून तिला 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालचे संरक्षण, वेगळी समुपदेशक आणि वेगळी खोली मिळालीच पाहिजे. नवऱ्याचे समुपदेशन सुरू आहे हे कारण सांगून तिला कोणी परत पाठवता कामा नये.

शेवटचा धोका शासनाकडूनच येऊ शकतो, म्हणून तो जरा विस्ताराने. ही पद्धत माणसाच्या मनातली कारणे बाहेर आणते, तेव्हा ती कोणत्याही दिशेने वापरता येते. मिलर आणि रोलनिक यांनी स्वतः बजावले आहे की समोरच्याने काय निवडावे यात समुपदेशकाचा किंवा संस्थेचा स्वार्थ असेल, तर ती वापरू नये. महाराष्ट्राला या इशाऱ्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. 1976 मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही, पण उद्दिष्टांच्या आकड्यांखाली दबलेल्या यंत्रणेने त्या काळात माणसांशी कसा व्यवहार केला हे देशाने पाहिले. उद्या 'दर महिन्याला प्रत्येक समुपदेशकाने इतके जण व्यसनमुक्त करावेत' असे लक्ष्य आले, तर दोन गोष्टी नक्की घडतील. रजिस्टरात व्यसनमुक्तांची संख्या वाढेल. आणि समोर बसलेल्या माणसाचे हित व समुपदेशकाचे लक्ष्य यांत अंतर पडले, की त्या खोलीत पुन्हा दटावणे सुरू होईल, फक्त आता ते जास्त गोड शब्दांत होईल. 'मी आज सोडणार नाही' असे म्हणण्याचा आणि तरीही पुढच्या महिन्यात परत येण्याचा हक्क त्या माणसाला असेल, तरच ही पद्धत प्रामाणिक राहते. परत येणारा माणूस हे अपयश म्हणून नोंदवले जाऊ नये.

आता प्रत्यक्ष काय करता येईल ते. सुरुवात सिंधुदुर्गातून करावी असे मला वाटते. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला या भागांतली बोली, मासे-भाताचे जेवण, काजूच्या हंगामातली दारू आणि मोलमजुरीचे स्वरूप हे सगळे गोव्याशी मिळतेजुळते आहे. दोडामार्गचे रुग्ण आजही बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात जातात. जिथे चाचणी यशस्वी झाली त्याच्या शेजारी ती पद्धत लागू करणे शहाणपणाचे आहे. जिल्ह्यातल्या, असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमातल्या समुपदेशकांपैकी मोजक्यांना निवडा. वर्गातल्या शिक्षणानंतर कित्येक महिने त्यांना आठवड्यातले दोन तास कामाच्या वेळेतच द्या, ज्यात ते एकत्र बसून, संमतीने मुद्रित केलेले एकमेकांचे संवाद ऐकतील आणि त्यावर बोलतील. या दोन तासांना सुट्टी समजू नका, ते त्यांच्या नेमणुकीच्या आदेशात लिहा. त्यातूनच पुढच्या तुकडीचे मार्गदर्शक तयार करा. बाहेरून तज्ज्ञ आणून हे राज्यभर चालवता येणार नाही, आणि गोव्यात तसे चाललेही नाही. वर्षभराने बाहेरच्या संस्थेकडून परिणाम तपासून घ्या आणि तो आपल्या बाजूने आला नाही तरी प्रसिद्ध करा. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाला परिचारिका आणि दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांसाठी असा संवाद ऐकण्याचा सराव अभ्यासक्रमात घेता येईल का, हेही विचारून पाहावे. हिरडीवरचा चट्टा सगळ्यांत आधी दंतवैद्यालाच दिसतो.

आणि एक छोटी गोष्ट, जिला पैसे लागत नाहीत. समुपदेशकांकडून जो मासिक अहवाल येतो, त्यात 'किती जणांचे समुपदेशन केले' या रकान्याच्या पुढे आणखी दोन रकाने वाढवता येतील: किती जण दुसऱ्यांदा आले, आणि या महिन्यात समुपदेशकाचे किती संवाद सहकाऱ्यांनी ऐकून त्यावर चर्चा केली. पहिल्या काही महिन्यांत या दोनपैकी दुसऱ्या रकान्यात सगळीकडे शून्य येईल. त्या शून्यासाठी कोणाला जाब विचारू नये. दोन तासांची ती वेळ ज्या जिल्ह्यांत अजून दिली गेलेली नाही, त्यांची यादी म्हणून तो रकाना आपल्या कार्यालयाने वाचावा, एवढीच विनंती आहे.

आपला विश्वासू,
सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेचा एक अभ्यासक